आयनिक द्रवांच्या पृष्ठभागावर कार्बन डायऑक्साइडचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडू शकणाऱ्या आयनिक द्रवांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात कार्बन डायऑक्साइड किती मुरतो? प्रश्न रास्त आहे, पण तो एकटा पुरत नाही. वायू आत शिरतो कसा, दाराशी किती वेळ थांबतो, आत पोचायला किती वेळ घेतो, हे कळल्याशिवाय "किती"चं उत्तर कागदावरच राहतं. म्हणून इथली बरीचशी जागा मी पृष्ठभागाला, म्हणजे त्या दारालाच दिली आहे.

आयनिक द्रव म्हणजे नेमकं काय?

मीठच, पण वितळलेलं. आपलं स्वयंपाकातलं मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. सोडियम आणि क्लोराइड हे दोन्ही आयन लहान आणि गोल असल्यामुळे घडीव विटांसारखे एकमेकांना घट्ट बसतात. त्यांच्याऐवजी एक मोठा, वाकडातिकडा, शेपटी असलेला धनायन घेतला आणि त्याला विद्युतभार अंगभर पसरलेला ऋणायन जोडून दिला, तर रचना जमत नाही. ओबडधोबड दगडांची भिंत रचताना राहतात तशा फटी राहतात आणि मीठ नेहमीच्या तापमानालाही द्रव राहतं. १०० अंशांच्या खाली द्रव असणाऱ्या क्षारांना आयनिक द्रव म्हणायचा संकेत आहे.

पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्येच इथाइल-अमोनियम नायट्रेट हा सुमारे १२ अंशांना वितळणारा क्षार नोंदवला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवेत आणि पाण्यात टिकणारे इमिडाझोलियम (नायट्रोजनयुक्त कडं असलेला धनायन) वर्गातले द्रव बनवले आणि तिथून हा विषय खऱ्या अर्थाने वाढला.

हे द्रव उडून जात नाहीत, हे खरं का?

जवळजवळ खरं. धन आणि ऋण आयन एकमेकांना इतके धरून असतात की साध्या तापमानाला वाफ होण्याचं प्रमाण नगण्य असतं. मात्र "अजिबात नाही" असं म्हणू नये. काही आयनिक द्रवांचं अतिशय कमी दाबाखाली आणि उष्णता देऊन ऊर्ध्वपातन करता येतं, हे २००६ मध्ये दाखवून झालं आहे.

या गुणाचे दोन फायदे. वायू शोषून घेणारा द्रव स्वतः त्या वायूबरोबर धुराड्यातून निघून जात नाही, हा पहिला. दुसरा फायदा अभ्यासकांचा, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. ज्या उपकरणांना आत जवळपास पूर्ण निर्वात पोकळी लागते, त्यांत पाणी किंवा अल्कोहोल ठेवलं तर ते उकळून जातं. आयनिक द्रव शांत बसून राहतो. द्रवाचा उघडा पृष्ठभाग इतक्या बारकाईने पाहण्याची संधी याआधी क्वचितच मिळाली होती.

शोषण आणि अधिशोषण यांत फरक काय? दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात.

गुलाल चेहऱ्याला चिकटतो, ते अधिशोषण. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला की आमटी आतपर्यंत झिरपते, ते शोषण. कोळशाच्या किंवा झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या कणांवर वायू चिकटतो, तो पृष्ठभागापुरता. आयनिक द्रवात मात्र दोन्ही गोष्टी एकामागून एक घडतात. रेणू आधी पृष्ठभागावर टेकतो आणि मग खाली विरघळतो. पहिल्या पायरीचा हिशोब सोडून दिला की दुसरीचा चुकतो.

मग हा पृष्ठभाग दिसतो तरी कसा?

आपल्या डोळ्यांसमोर सपाट रेघ येते, वर हवा आणि खाली द्रव. प्रत्यक्षात ती रेघ नसते. जुन्या घरातली ओसरी आठवा. अंगण संपलं आणि माजघर सुरू झालं असं तिथे एकाएकी होत नाही. ओसरी ना पुरती बाहेर, ना पुरती आत, आणि तिची मांडणीही वेगळी असते. आयनिक द्रवाला अशी काही नॅनोमीटर जाडीची ओसरी असते.

ब्यूटाइल-मिथाइल-इमिडाझोलियम हा नेहमीच्या वापरातला धनायन घेऊ. त्याचं कडं विद्युतभारित असतं आणि त्याला चार कार्बनची तेलकट शेपटी असते. पृष्ठभागावर ही शेपटी बहुधा हवेच्या दिशेने बाहेर डोकावते. भारित कडं आणि ऋणायन तिच्या लगेच खाली राहतात. कारण सरळ आहे. भारांना भारांची सोबत हवी असते, वर हवेत ती मिळत नाही, आणि शेपटीला तिथे राहण्याची फारशी किंमत मोजावी लागत नाही. म्हणून आयनिक द्रवाचा सगळ्यात वरचा थर मिठासारखा कमी आणि मेणासारखा जास्त असतो. पृष्ठताणही हेच सांगतो. पाण्याचा तो मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, तर बऱ्याच इमिडाझोलियम द्रवांचा ३० ते ५० च्या दरम्यान.

शेपटी चार कार्बनवरून आठ किंवा बारावर नेली की वरचा तेलकट पडदा आणखी दाट होतो आणि ऋणायन अधिक झाकला जातो. शेपटी आखूड ठेवली की ऋणायन वर येतो. पृष्ठभाग हवा तसा घडवण्याची ही सोय साध्या द्रावकांत सहजी मिळत नाही.

हे सगळं कुणी पाहिलं? की संगणकावरचं चित्र आहे?

दोन्ही आहे, आणि दोन्ही एकमेकांना बरंचसं जुळतं.

एक पद्धत क्ष-किरणांची. किरण टाकले की द्रवातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, पण बाहेर निसटतात ते फक्त वरच्या काही नॅनोमीटरमधले. तिरक्या कोनातून मोजलं तर जेमतेम १ ते दीड नॅनोमीटरची माहिती हाती येते. जर्मनीतल्या एर्लांगेन इथे स्टाइनरुक आणि मायर यांच्या गटाने या पद्धतीने अनेक आयनिक द्रवांची ओसरी तपासली. अलीकडे थोड्या दाबाचा वायू आत सोडून, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावर असतानाच, असं मोजमाप करता येऊ लागलं आहे.

दुसरी पद्धत नेम धरून मारण्याची. एडिनबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठात मॅकेंड्रिक आणि कॉस्टेन यांच्या गटाने ऑक्सिजनचे सुटे अणू पृष्ठभागावर सोडले. हे अणू शेपटीतला हायड्रोजन हिसकावून नेतात. किती हिसकावले यावरून किती शेपट्या उघड्यावर आहेत ते कळतं. कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे डेव्हिड नेस्बिट यांच्या गटाने तर कार्बन डायऑक्साइडच्याच रेणूंचा झोत या द्रवांवर मारला आणि परत उसळलेल्या रेणूंची गती व फिरकी मोजली. ऋणायन बदलला की उसळी बदलते, असं त्यातून दिसलं. म्हणजे तेलकट पडद्यातूनही खालचा ऋणायन रेणूला जाणवतो.

एक रेणू हवेतून आत मुरेपर्यंत कुठल्या टप्प्यांतून जातो?

खोलीच्या तापमानाला कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरासरी सेकंदाला ३८० मीटर वेगाने धावत असतो. वर शुद्ध वायू असेल आणि दाब १ बार असेल, तर पृष्ठभागाच्या दर चौरस नॅनोमीटरवर सेकंदाला सुमारे २३० कोटी धडका बसतात. हा आकडा वायूंच्या गतिसिद्धान्तातून कुणालाही काढता येतो. मी वर्गात तो फळ्यावर काढून दाखवते तेव्हा मुलांना आधी खोटा वाटतो.

धडकलेल्यांपैकी काही लगेच उसळतात. काही शेपट्यांच्या गर्दीत अडकतात. शेपट्या मऊ असतात, हलतात, डोलतात, आणि येणाऱ्या रेणूची ऊर्जा काढून घेतात. दोन-चार धक्क्यांत रेणूची गती द्रवाच्या तापमानाला साजेशी होते. आता तो ओसरीवर आहे. तिथून त्याला दोन वाटा: पुन्हा अंगणात किंवा आत.

ओसरीवर गर्दी होते हे संगणकी गणितांतून स्पष्ट दिसतं. नोटर डेम विद्यापीठातल्या पेरेझ-ब्लँको आणि मॅगिन यांनी २०१० मध्ये अशी गणितं केली. कार्बन डायऑक्साइडचा पृष्ठभागावर दाट थर जमतो, वरच्या वायूपेक्षा दाट. शेपट्यांमधल्या मोकळ्या जागा आणि खालून जाणवणारं भारांचं आकर्षण, दोन्ही त्याला तिथे रोखून धरतात.

यातून निघणारा निष्कर्ष मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. धडकांची संख्या इतकी प्रचंड आहे की दार ठोठावणाऱ्यांची वाण कधीच पडत नाही. ओसरीही पटकन भरते. गाडी अडते ती ओसरीच्या पलीकडे, दाट द्रवातून आत सरकताना.

आत गेल्यावर त्याला धरून कोण ठेवतं?

मुख्यतः ऋणायन. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ रेषेत असतो, त्यामुळे एकूण द्विध्रुव शून्य, म्हणजे एक टोक धन आणि दुसरं ऋण अशी विभागणी नाही. पण मधला कार्बन किंचित धन आणि कडेचे ऑक्सिजन किंचित ऋण असतात. ऋणायन त्या कार्बनच्या जवळ येऊन बसतो.

आधी समज असा होता की इमिडाझोलियम कड्यावरचा आम्लधर्मी हायड्रोजन रेणूला पकडत असावा. २००४ मध्ये त्या हायड्रोजनच्या जागी मिथाइल गट बसवून तपासलं गेलं. विद्राव्यता थोडीशीच घटली. ऋणायन बदलल्यावर मात्र मोठा फरक पडला.

आणि फटी विसरू नका. सुरुवातीला ज्या न जमलेल्या रचनेबद्दल लिहिलं, तिच्या फटींत हे रेणू बसतात. म्हणूनच उच्च दाबाखाली भरपूर वायू विरघळूनही या द्रवाचं आकारमान फार थोडं वाढतं. साधे सेंद्रिय द्रावक त्याच परिस्थितीत चांगलेच फुगतात.

शेवटी किती मुरतो? आकडा सांगा.

१९९९ मध्ये जोन ब्रेनेके, एरिक बेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की उच्च दाबाचा कार्बन डायऑक्साइड ब्यूटाइल-मिथाइल-इमिडाझोलियम हेक्साफ्लोरोफॉस्फेटमध्ये भरपूर विरघळतो, पण तो द्रव मात्र वायूत विरघळत नाही. ८० बारच्या आसपास मिश्रणातल्या दर १० घटकांपैकी (वायूचा एक रेणू किंवा आयनांची एक जोडी म्हणजे एक घटक) जवळजवळ ६ कार्बन डायऑक्साइडचे होते. या निष्कर्षाने सगळ्यांचं लक्ष वेधलं.

पण धुराड्यातून ८० बारचा वायू येत नाही. त्याच धनायनाच्या, बिसट्रायफ्लिमाइड ऋणायन असलेल्या द्रवाचा हेन्री स्थिरांक (वायूचा दाब भागिले विरघळलेल्या वायूचं प्रमाण; तो जितका लहान तितका वायू जास्त मुरतो) २५ अंशांना सुमारे ३३ बार आहे. म्हणजे १ बारला दर १०० घटकांत साधारण ३ रेणू. कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ टक्के असतो, त्यामुळे तिथे १०० मागे अर्धाही नाही.

इथे एक सापळा आहे. पाण्याशी तुलना करताना "पन्नास पट जास्त" असं वाचायला मिळतं. घटकांच्या प्रमाणात मोजलं तर ते खरं आहे. पण आयनिक द्रवाची एक जोडी पाण्याच्या रेणूच्या मानाने अवाढव्य असते. लिटरमागे मोजा: या द्रवात सुमारे ०.१ मोल, पाण्यात ०.०३४ मोल. फरक उरतो तिपटीचा. टाकी आणि पंप लिटरमध्ये मोजले जातात, म्हणून कुठलाही लेख वाचताना आकडा कशामागे दिला आहे ते आधी पाहा.

मग नुसत्या विरघळण्यावर न थांबता रासायनिक पकड का बसवत नाहीत?

बसवली. २००२ मध्ये जेम्स डेव्हिस यांच्या गटाने धनायनाच्या शेपटीलाच अमाइन गट जोडला. कमी दाबातही वायू पकडला गेला, दोन जोड्यांमागे एक रेणू. २०१० मध्ये ब्रेनेके आणि श्नायडर यांच्या गटाने अमिनो आम्लापासून बनवलेले ऋणायन वापरले आणि प्रमाण एकास एक झालं.

अडचण लगेच समोर आली. वायू पकडला की या द्रवांत हायड्रोजन बंधांचं जाळं विणलं जातं आणि द्रव पाकासारखा, कधी तर थिजल्यासारखा घट्ट होतो. घट्टपणा सुरू होतो तो साहजिकच वरून, कारण वायू तिथूनच येतो. एसटीत दाराशीच माणसं अडून बसावीत, मधली जागा रिकामी असावी आणि वाहक "पुढे सरका" म्हणून ओरडत राहावा, तशी गत होते. वरचा थर भरतो, खालचा कोराच राहतो.

उपाय रसायनशास्त्रानेच दिला. ज्या ऋणायनांत नायट्रोजनवर हायड्रोजनच नाही अशी नायट्रोजनयुक्त कडी वापरली, उदाहरणार्थ सायनोपायरोलाइड. जाळं विणायला धागाच उरला नाही आणि वायू घेऊनही दाटपणा फारसा वाढला नाही. या विषयातला मला सर्वांत देखणा वाटणारा विचार हाच.

अ‍ॅसिटेट ऋणायन असलेले द्रव वेगळ्याच वाटेने जातात. अ‍ॅसिटेट कड्यावरचा हायड्रोजन ओढून घेतो आणि मोकळ्या झालेल्या कार्बनला कार्बन डायऑक्साइड थेट जोडला जातो. रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने २०११ मध्ये हा पदार्थ स्फटिकरूपात पकडून दाखवला.

दाटपणाचा एवढा बाऊ का?

इथे दाटपणा म्हणजे वाहायला होणारा विरोध, घनता नव्हे. हिशोब करून पाहू. बिसट्रायफ्लिमाइड द्रव पाण्यापेक्षा सुमारे ५० पट दाट असतो आणि इतर अनेक त्याहूनही दाट. अशा द्रवांत कार्बन डायऑक्साइडचा विसरण गुणांक, म्हणजे रेणू आपोआप किती झपाट्याने पसरतात त्याचं माप, सेकंदाला १०⁻¹⁰ चौरस मीटरच्या घरात धरू. न ढवळलेल्या द्रवात १ सेंटिमीटर खोल जायला साधारण ६ दिवस लागतील. १ मिलिमीटरला दीड तास. १० मायक्रोमीटरला अर्धा सेकंद. आणि १ मायक्रोमीटरला सेकंदाचा दोनशेवा भाग.

अंतर दहापट कमी केलं की वेळ शंभरपट कमी. म्हणून टाकीभर द्रव घेण्यापेक्षा तो पातळ पसरवणं शहाणपणाचं. सच्छिद्र सिलिकाच्या कणांवर द्रवाचा नॅनोमीटर जाडीचा लेप देतात, हे तंत्र पुढे नेण्यात पेटर वासरशाइड यांच्या गटाचा मोठा वाटा आहे. पटलांच्या छिद्रांत द्रव भरतात किंवा सूक्ष्म कुप्यांत कोंडतात. लेप इतका पातळ झाला की माजघर उरतच नाही, सगळी ओसरीच. मग वर सांगितलेली शेपट्यांची मांडणी, आणि खालच्या घन पदार्थाने आयनांना लावलेली शिस्तसुद्धा, थेट वेगावर आणि क्षमतेवर परिणाम करू लागते. नवीन ऋणायन शोधण्यात जितकं डोकं खर्च होतं, तितकंच पसरण्याच्या तंत्रावर व्हायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पकडलेला वायू परत काढायला किती उष्णता लागते?

नुसता विरघळलेला असेल तर फार थोडी. मोलमागे साधारण १० ते २० किलोज्यूल. दाब कमी केला तरी तो निघतो. कार्बन डायऑक्साइड पकडायला आज उद्योगात रुळलेल्या मोनोइथेनॉल-अमाइनच्या द्रावणात हा आकडा ८० च्या वर जातो, शिवाय ७० टक्के पाणीही सोबत तापवावं लागतं, तेही १२० अंशांच्या आसपास. खरा खर्च तिथे आहे. रासायनिक पकड असलेले आयनिक द्रव या दोहोंच्या मधे कुठेही बसवता येतात.

धुरातल्या ओलाव्याने काय होतं?

बहुतेक आयनिक द्रव हवेतलं पाणी ओढून घेतात, पाण्यात न मिसळणारेसुद्धा. थोडं पाणी दाटपणा उतरवतं, ते बरंच. जास्त झालं की अ‍ॅसिटेटसारख्या द्रवांत अभिक्रियेची वाटच बदलते. गंधकाचा डायऑक्साइड त्याहून वाईट पाहुणा. तो बहुतेक द्रवांत कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी घट्ट बसतो, म्हणून धूर आधी धुऊन घ्यावा लागतो.

यांना "हरित" म्हणावं का?

सरसकट नाही. हवेत जात नाहीत म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत, पाण्यात जाऊ शकतातच. लांब शेपटीचे इमिडाझोलियम क्षार जलचरांना विषारी असतात. हेक्साफ्लोरोफॉस्फेट पाण्याच्या संपर्कात हळूहळू फुटून हायड्रोजन फ्लोराइड सोडतो, आणि तो काच खातो, माणसाच्या हाडांपर्यंत पोचतो. हे विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगायलाच हवं.

कुठे प्रत्यक्ष वापर आहे?

आयनिक द्रव कारखान्यांत आहेत, पण इतर कामांना. जर्मनीच्या बीएएसएफने अभिक्रियेत तयार होणारं आम्ल बाजूला काढायला ते वापरले. मलेशियात पेट्रोनासने नैसर्गिक वायूतला पारा काढायला कणांवर लेप दिलेला आयनिक द्रव वापरला, म्हणजे पातळ लेपाची युक्ती उद्योगात चालते. धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचं काम मात्र अजून प्रयोगशाळा आणि चाचणी-संचांच्या टप्प्यावर आहे. किंमत, दाटपणा आणि वर्षानुवर्षं टिकण्याची खात्री, तिन्ही आड येतात.

आपल्याकडे पवईच्या आयआयटी मुंबईत कार्बन पकडणं आणि वापरणं यासाठी राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं आहे. या विषयात पुढे जायचं असेल तर तिथलं काम नजरेखाली असू द्या.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजता येईल का?

येईल. बंद भांडं, अचूक दाबमापक, स्थिर तापमान आणि ढवळणी एवढ्यावर दाब किती घटला ते पाहून हिशोब मांडता येतो. सुरुवात बिसट्रायफ्लिमाइड द्रवाने करा. तो पाण्याने फुटत नाही आणि तुलनेला भरपूर आकडे उपलब्ध आहेत.

मी शिकत असताना पहिल्या मोजणीत द्रव न ढवळता रात्रभर ठेवला होता. सकाळी दाब स्थिर दिसला, मी तो समतोल समजून लिहून घेतला, आणि आकडा अपेक्षेच्या निम्म्याहून कमी निघाला. वरचा थर भरला होता, खालपर्यंत काहीच पोचलं नव्हतं. पुढचे दोन आठवडे चूक द्रवाच्या शुद्धतेत शोधण्यात गेले. तेव्हा ढवळणी सुरू ठेवून, सलग काही तास दाब हलत नाही याची खात्री झाल्यावरच आकडा घ्या. आणि त्याआधी द्रव निर्वात पोकळीत ६०–७० अंशांना रात्रभर सुकवा, नाहीतर मुरलेल्या पाण्याची वाफ दाबात मिसळते आणि वायू किती गेला ते कळत नाही.